अडीच मॅप

कपाटाच्या खालच्या खणात एक दोनशे पानी वही आहे. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीचे हिशेब मी गेली चौदा वर्षं लिहितोय, त्यामुळं कोरा कागद दिसला की रकाने आखायची हाताला सवय लागलेली. ही वहीसुद्धा तशीच आखलेली आहे. तारीख. कोण विरुद्ध कोण. वर का खाली. भाव. लावले. आले. नोंदी एकसष्ट. पहिली ऑक्टोबर 2023 मधली, शेवटची 31 मार्च 2024 ची. पुढची पानं कोरी.

'वर का खाली' हा रकाना ज्याला कळला त्याला सगळी वही कळली. काउंटर-स्ट्राइक हा पाच-पाच जणांच्या दोन संघांनी खेळायचा कॉम्प्युटरवरचा गोळीबाराचा खेळ. त्याचा मोठा सामना सहसा तीन मॅपचा, म्हणजे तीन वेगवेगळ्या नकाशांवरच्या डावांचा असतो. दोन मॅप आधी जिंकेल त्याचा सामना. म्हणजे एक तर दोन मॅपमध्ये निकाल, नाहीतर तिसरा मॅप. पैजा घेणारे या दोन आणि तीनच्या मधे रेघ मारतात, अडीचवर. अडीच मॅपचा सामना जगात कधी झाला नाही आणि होणारही नाही, पण रेघ तिथं मारली की प्रत्येक सामना तिच्या वर तरी जातो किंवा खाली तरी राहतो. तिसरा मॅप होईल असं वाटलं तर अडीचच्या वर लावायचं, दोनात आटपेल असं वाटलं तर अडीचच्या खाली. कोण जिंकणार, हे कुणी विचारत नाही.

मला ही पैज आवडली ती त्यामुळंच. कुणाच्या पराभवावर पैसे लावायचे, हे मनाला पटत नव्हतं. इथं कुणाचं वाईट चिंतायचं नाही, फक्त सामना किती लांबेल एवढंच सांगायचं. हे मला निरुपद्रवी वाटलं होतं, आणि असं वाटणारा मी एकटा नसणार, म्हणून हे लिहायला बसलो.

काउंटरशी माझी ओळख 2005 ची. राजारामपुरीत एका बोळात, तळघरात आठ मशीनचा कॅफे होता. गेमचं पूर्ण नाव कुणी घ्यायचं नाही, 'काउंटरला येतोस का?' एवढंच. भिंतीला ओल, पंख्याचा खडखडाट, आणि आठ पोरांचा आरडाओरडा. संघ पाडायची वेळ आली की पेठेवर पडायचे. शिवाजी पेठ एकीकडं, मंगळवार पेठ दुसरीकडं, आणि आमच्यासारखे उपनगरातले ज्याला कमी पडतील त्याच्याकडं. त्या दिवसापुरता मी शिवाजी पेठेचा असलो तरी हरल्यावर घरी जाताना माझ्या घशात आवंढा यायचा.

हे कोल्हापूरच आहे असं. इथं बाजू नसलेला माणूस मी पाहिलेला नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालीम हे फुटबॉलचे संघ समोरासमोर आले की गल्लीतल्या दुकानदारापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांचं काहीतरी पणाला लागलेलं असतं. फुटबॉलचा वर्ल्ड कप सुरू झाला की ज्यांनी आयुष्यात पासपोर्ट काढला नाही ती माणसं ब्राझीलचे आणि अर्जेंटिनाचे झेंडे चौकात बांधतात आणि त्यावरून महिनाभर एकमेकांशी भांडतात. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटतो. मला ही या गावाची श्रीमंती वाटते. एखाद्याच्या जिंकण्या-हरण्याशी आपला जीव बांधून घ्यायचा, तेही पदरात काही पडणार नसताना, याला मोठं मन लागतं.

माझ्या आजोबांचं मन तसं होतं. लहानपणी त्यांनी मला बरेचदा खासबागेत नेलं. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं ते मैदान 1912 चं. वाडग्यासारखं खोलगट, कुठंही बसा, मधली तांबडी माती दिसतेच. हलगी कडाडायची, माती अंगाला लावून पैलवान शड्डू ठोकायचे आणि आजोबा माझा खांदा दाबायचे. ते गंगावेशीतल्या तालमीचे. स्वतः कधी मैदानात उतरले नव्हते, पण तालमीचं पोर हरलं की रात्री जेवायचे नाहीत. मला आठवतं, एक कुस्ती नुसत्या खडाखडीतच गेली. दोघं एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभे, पुढं कुणी सरेना. खूप वेळ झाला. शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवली. आजोबा उठून चहाला गेले. त्याच दिवशी दुसरी एक कुस्ती, सलामी झाली आणि मी खाली पडलेला शेंगदाणा उचलून वर बघतोय तोवर एकजण आभाळाकडं तोंड करून पडलेला. ढाक. लोक टोप्या उडवत होते. त्या ढाकेबद्दल आजोबा मरेपर्यंत बोलायचे. पकड कुठं घेतली, पाय कुठं होता, खालच्याचं वजन कुठं गेलं. ती कुस्ती किती वेळ चालली, हे त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही.

कामधंद्याला लागल्यावर खेळायला वेळ उरला नाही, मी बघणारा झालो. आणि बघताना माझीही एक तालीम ठरली, फेझ नावाचा संघ. ती कशी ठरली ते सांगतो. 28 जानेवारी 2018, बोस्टनच्या मेजरची, म्हणजे काउंटरच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची, फायनल, फेझ विरुद्ध क्लाउड9. आपल्याकडं मध्यरात्र उलटून गेलेली. मी पांघरुणात मोबाइल धरून, आवाज बंद. दोघांचा एकेक मॅप झाला, तिसरा मॅप इन्फर्नो नावाचा. तेव्हा सोळा राउंड जिंकले की मॅप मिळायचा. फेझ 15-11 नं पुढं होती. एक राउंड, फक्त एक. तो मिळाला नाही. 15-15 झाले, मग ओव्हरटाइम, मग आणखी एक ओव्हरटाइम, आणि 22-19 नं क्लाउड9 जिंकली. अमेरिकेच्या संघानं घरच्या मैदानावर मेजर जिंकली म्हणून तिकडं लोक रडत होते. इकडं मी अंधारात छताकडं बघत पडलो होतो. त्या रात्री मी फेझचा झालो. जिंकणाऱ्याकडं मन जाणं सोपं असतं. माझं हरणाऱ्याकडं गेलं.

आणि तेव्हापासून मी एका गोष्टीची वाट बघत होतो. मेजरच्या फायनलला पुन्हा तिसरा मॅप कधी होणार?

तो होईना. 2018 लंडन, अ‍ॅस्ट्रॅलिसनं नावीला 2-0 नं हरवलं. 2019 काटोविस, अ‍ॅस्ट्रॅलिस आणि एन्स, 2-0. त्याच वर्षी बर्लिन, अ‍ॅस्ट्रॅलिस आणि अवांगार, 2-0. मग कोरोनाचा खाडा. 2021 स्टॉकहोम, नावी आणि जी टू, 2-0. 2022 अँटवर्प, माझ्या फेझनं नावीला 2-0 नं हरवून पहिली मेजर घेतली; त्या रात्री मात्र मी गच्चीत जाऊन एकटाच नाचलो. त्याच वर्षी रिओ, आउटसायडर्स आणि हिरोइक, 2-0. 2023 पॅरिस, व्हायटॅलिटी आणि गेमरलिजन, 2-0. सलग सात फायनली, प्रत्येक दोनात संपलेली.

हा आकडा तोंडपाठ असणं एका बघणाऱ्याचं कौतुक होतं. पैज लावणारा झाल्यावर तोच आकडा माझा गुरू होऊन बसला.

आता थोडा हिशेब. समजा दोन्ही संघ अगदी तोडीस तोड आहेत. पहिल्या दोन मॅपचे चार प्रकार होतात: दोन्ही पहिल्याला, दोन्ही दुसऱ्याला, पहिला याला नि दुसरा त्याला, किंवा उलट. चारातले दोन तिसऱ्या मॅपला जातात. म्हणजे काटा किर्र लढत असली तरी तिसऱ्या मॅपची शक्यता निम्मीच. एक संघ वरचढ असला, प्रत्येक मॅप शंभरात सत्तर वेळा जिंकणारा, तर शंभरातले अठ्ठावन्न सामने दोनात संपतील आणि बेचाळीसच तिसऱ्यात जातील. इथवर शाळेतलं गणित.

पण काउंटरमध्ये मॅप नशिबानं मिळत नाहीत. सात मॅपांची यादी असते. दोन्ही संघ आधी एकेक मॅप उडवतात, मग आपल्या आवडीचा एकेक निवडतात, मग पुन्हा एकेक उडवतात, आणि उरलेला सातवा म्हणजे डिसायडर. याला व्हेटो म्हणतात. याचा परिणाम असा की पहिला मॅप एकाच्या घरच्या मैदानावर आणि दुसरा दुसऱ्याच्या. दोघंही आपापल्या मॅपवर शंभरात साठ वेळा जिंकणारे धरले, तर तिसऱ्या मॅपची शक्यता बावन्नावर जाते. सत्तर धरले तर अठ्ठावन्नावर. दोन्ही संघ आपापल्या घरी जितके पक्के, तितका सामना लांबणार. त्यात 2023 च्या सप्टेंबरात नवी आवृत्ती आली, आणि सोळाऐवजी तेरा राउंडला मॅप संपू लागला. आखूड कुस्तीत दुबळ्याचाही एखादा डाव लागून जातो, म्हणजे तिसरा मॅप आणखी जवळ आला.

हे सगळं मला कळत होतं. रात्री जेवण झालं की संघांचे जुने व्हेटो बघायचे, कोण कोणता मॅप कायम उडवतो, कोण इन्फर्नोवर पक्का आहे, कोण न्यूकवर कच्चा, हे लिहून काढायचं. या अभ्यासात खरी गोडी होती, ती मी नाकारणार नाही. खेळ इतक्या बारकाईनं मी पूर्वी कधी बघितला नव्हता.

पण भाव बघा. दोन्ही बाजूंना सारखी शक्यता असलेल्या पैजेला शंभराचे दोनशे मिळायला हवेत. मिळायचे एकशे पंच्याऐंशी. म्हणजे नाणं उडवल्यासारखं कितीही वेळा खेळलो तरी सरासरी दर शंभराला साडेसात रुपये समोरच्याचे. नुसतं नुकसान टाळायचं तरी शंभरात चोपन्नापेक्षा जास्त वेळा बरोबर यायला हवं. दिवसभर फौंड्रीत भंगाराच्या घटीचे टक्के मोजणाऱ्या मला हे पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. दिसूनही मी थांबलो नाही, कारण मला वाटायचं की माझा अभ्यास साडेसात टक्क्यांपेक्षा मोठा आहे.

पैसे भरायची रीत लिहून ठेवतो, कारण तिथंच शहाण्या माणसानं परत फिरायला हवं. ॲप बाहेरच्या देशातलं. पैसे यूपीआयनं, पण दर वेळी वेगळ्याच खात्यावर. आज कुणा बाईचं नाव, उद्या कुठल्यातरी ट्रेडर्सचं, परवा तिसऱ्याच राज्यातला कोणी मुलगा. ज्याला आपण पैसे देतोय तो कोण हे माहीत नाही, आणि तो उद्या असेल का हेही नाही. माझ्या कामात असं एक बिल आलं असतं तर मी सही केली नसती.

31 मार्च 2024, रविवार. कोपनहेगनच्या मेजरची फायनल, नावी विरुद्ध फेझ.

ताईचा मुलगा गडहिंग्लजचा. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाल्यापासून आमच्याकडंच राहतो. तो नावीचा. आठवडाभर आमची घरात जुंपलेली. बायको म्हणाली, तुम्हा मामा-भाच्यांना एका ताटात जेवायला बसवायची सोय राहिली नाही. संध्याकाळी लवकर जेवलो, लॅपटॉप टीव्हीला जोडला, आणि भाचा सतरंजीवर मांडी घालून बसला. त्याला माहीत नव्हतं की दुपारीच मी अडीचच्या खाली चार हजार लावलेत. सात फायनली दोनात संपल्या होत्या ना. व्हेटो, साठ टक्के, आखूड मॅप, सगळा अभ्यास एका बाजूला राहिला आणि मी त्या सातच्या मागं गेलो. जणू लंडन आणि बर्लिनमध्ये काय झालं हे कोपनहेगनच्या खेळाडूंना विचारूनच खेळायचं होतं.

पहिला मॅप एन्शन्ट. नावी 13-9.

इथं थांबून बघा माझं काय झालं ते. माझी पैज जिवंत राहायला आता दुसरा मॅपही नावीनंच जिंकायला हवा होता. म्हणजे फेझनं हरायला हवं होतं. ज्या संघासाठी मी बोस्टनच्या रात्री छताकडं बघत पडलो, त्याच संघाचं वाईट चिंतत मी सोफ्यावर बसलो होतो. पैज लावताना मी कुणाचीच बाजू घेतली नव्हती. खेळ सुरू झाल्यावर पैजेनं माझ्यासाठी बाजू निवडली.

दुसरा मॅप मिराज. फेझ सुटली. एक राउंड, दोन, पाच, आठ. जे काही करायला जावं ते जमत होतं. असा खेळ फेझच्या माणसाला वर्षातून एखाद्या वेळी बघायला मिळतो. भाचा हताश होऊन उशी डोक्यावर घेऊन बसला होता, आणि माझी पोटातली आतडी पिळवटत होती. त्यानं उशी बाजूला केली आणि माझ्याकडं बघितलं.

"मामा, फेझ धुतीय की आमाला. तुमचं तोंड का पडलंय?"

मी म्हणालो, काही नाही, ॲसिडिटी.

तो बघतच राहिला. पोरगं हुशार आहे. मग हळूच म्हणाला, "तुम्ही नक्की कुणाकडनं?"

13-2. मिराज फेझचा. माझे चार हजार गेले. आणि सहा वर्षं दोन महिन्यांनी मेजरच्या फायनलला तिसरा मॅप आला. तोही इन्फर्नो, तोच बोस्टनचा इन्फर्नो. फेझला तिथलं राहिलेलं देणं फेडायची संधी होती.

मी उठलो. भाचा म्हणाला, "डिसायडर लागतोय, कुठं निघालात?" मी म्हणालो, सकाळी ऑफिस आहे. आत जाऊन पलंगावर पडलो आणि मोबाइलवर दुसऱ्या कुठल्यातरी किरकोळ स्पर्धेतला सामना शोधू लागलो, गेलेले चार हजार परत काढायला. दाराच्या फटीतून टीव्हीचा निळा उजेड फरशीवर हलत होता. भाच्याचे आवाज येत होते. एकदा तो ओरडला, मग बराच वेळ गप्प, मग 'अयाया'. मी उठून गेलो नाही. नावी 13-10 नं जिंकली. हे मला सकाळी कळलं, चहा पिताना, मोबाइलवर.

त्या दिवशी ऑफिसातून आल्यावर वही काढली. बेरीज केली. लावले 94,500. आले 71,200. गेले 23,300. साडेसात टक्क्यांनी सात हजारांच्या आसपास जायला हवे होते, त्याच्या तिपटीहून जास्त गेले, कारण हरल्यावर रक्कम वाढवत गेलो. ही रक्कम आमच्या घराला लहान नाही. बायकोला त्याच रात्री सगळं सांगितलं. तिनं खूप वेळ काही बोललं नाही, आणि मग विचारलं, "एवढे सामने बघितले, त्यातला एखादा तरी आवडला का?"

त्या प्रश्नानं मी वही पुन्हा उघडली. तेव्हा जे दिसलं ते त्याआधी सहा महिने माझ्या डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं. वहीत 'कोण जिंकलं' हा रकानाच नव्हता. मी आखलाच नव्हता. 'वर', 'खाली', 'वर', 'वर', 'खाली' अशी पानंच्या पानं. मी एकेका ओळीवर बोट ठेवून आठवायला लागलो. एकसष्ट सामन्यांतल्या फक्त नऊ सामन्यांचा विजेता मला सांगता आला.

उद्यमनगरात आमच्या शेडसमोर एक वयस्कर टर्नर होते, आता नाहीत. त्यांना आकड्याचा नाद होता. ओपन, क्लोज, जोडी, हे शब्द मी त्यांच्याकडून शिकलो. एकदा त्यांनीच सांगितलं होतं की हे ओपन-क्लोज आलं कापसातून. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडायचे आणि बंद व्हायचे भाव मुंबईत कळायचे आणि लोक त्यावर आकडा लावायचे. ते भाव यायचे थांबल्यावर 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी मटका काढला, आणि चिठ्ठ्या मातीच्या मटक्यातून निघू लागल्या. कापूस गेला तरी लावणाऱ्याचं काही अडलं नाही, कारण त्यानं कापूस कधी बघितलाच नव्हता. ते ऐकताना मला ती नुसती गंमतशीर गोष्ट वाटली होती. वही उघडून बसलो तेव्हा त्या म्हाताऱ्याची आठवण आली. माझ्या वहीतूनही खेळ काढून घेतला असता, दोन आणि तीन लिहिलेल्या चिठ्ठ्या मडक्यातून काढल्या असत्या, तरी एकही रकाना बदलावा लागला नसता.

शिवाय त्या दोन आणि तीनमध्ये असतं तरी काय? स्टॉकहोमची फायनल वहीत 'खाली' म्हणून गेली असती. पण तिचा दुसरा मॅप, न्यूक, दोन ओव्हरटाइमनंतर 22-19 ला संपला होता. जी टूनं शेवटपर्यंत श्वास घेऊ दिला नव्हता. कोपनहेगनची 'वर' म्हणून गेली, आणि तिच्या मधोमध 13-2 असा एकतर्फी मॅप होता. किती मॅप झाले यावरून लढत कशी झाली हे कळतच नाही. आजोबांनी ढाकेची मिनिटं मोजली नव्हती.

आणखी एक गोष्ट मला फार खुपते. पैज माणसाच्या नजरेत संशय घालते. 2014 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतला आयबायपॉवर हा तगडा संघ त्याच्यापुढं काहीच नसलेल्या नेटकोडगाइड्सकडून 16-4 नं हरला. पुढं उघड झालं की तो सामना मुद्दाम सोडला होता, बाजूला स्किन्सच्या, म्हणजे खेळातल्या बंदुकांच्या रंगीत रूपांच्या, पैजा लागलेल्या होत्या, आणि 2015 च्या जानेवारीत गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हनं त्यात सामील असलेल्या खेळाडूंवर बंदी घातली. तिथं निदान पूर्ण सामना सोडावा लागला, म्हणून लोकांच्या डोळ्यांवर आला. मॅपच्या संख्येवर पैसे लागले तर सामना सोडायचीही गरज नाही. बलवान संघानं एक मॅप द्यायचा आणि दोन घ्यायचे. स्पर्धेत पुढं तेच जाणार, चाहते खूश, आणि कुणीतरी कुठंतरी 'वर' लावून बसलेला. हे सुचल्यापासून मला त्या हिवाळ्यात एखादा चांगला खेळाडू चुकला तरी मनात पाल चुकचुकायची. निर्मळ चुकेवरही शंका घ्यायला लागलो. विशीतली पोरं ती, दिवसाचे दहा-दहा तास सराव करणारी. त्यांच्या चुकीला चूक म्हणायचीही माझी तयारी राहिली नव्हती, हे मला पैशांपेक्षा जास्त लागतं.

22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही होऊन केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यानं बंदी घातली; चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला मात्र खेळ म्हणून जागा दिली. खेळ आणि पैज यांच्यामधे सरकारनं ही भिंत घातली याचं मला मनापासून समाधान आहे. पण आमच्या भागातल्या टपरीवर संध्याकाळी उभं राहिलं की कानावर येतं ते येतंच. 'आज दोनात आटपतंय बघ.' 'न्हाई रं, तीन होणार.' पोरं कॉलेजातली. त्यांना थांबवून एवढंच विचारावंसं वाटतं, बाबांनो, कुणाकडनं बघताय?

वहीतली शेवटची नोंद होऊन साडेआठ महिने झाल्यावर शांघायची मेजर आली. 15 डिसेंबर 2024, पुन्हा रविवार, पण चीनमध्ये असल्यामुळं फायनल आपल्याकडं दिवसाउजेडी. फेझ विरुद्ध स्पिरिट. भाच्यानं यंदा तालीम बदललेली, स्पिरिटच्या सतरा वर्षांच्या डॉन्कनं त्याला वेड लावलं होतं. मी त्याला नावीशी गद्दारी केल्याबद्दल खूप बोललो. पांढरा रस्सा पिऊन झाला होता, ताटं तशीच बाजूला सारली होती. एकेक मॅप झाला. तिसरा लागायच्या आधी मधे थोडा वेळ असतो. भाचा उठून दाराची कडी लावून आला. का लावलीस म्हणून विचारलं तर म्हणाला, "मागच्या वेळी तुम्ही पळाला होता."

फेझ हरली.

डॉन्कला मेजरचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं, ते रास्तच होतं. माझ्या पोटात मात्र बोस्टनसारखाच खड्डा पडला. भाच्यानं टीव्ही बंद केला, चिडवायला तोंड उघडलं आणि माझ्याकडं बघून मिटलं. थोड्या वेळानं आम्ही दोघं गाडी काढून रंकाळ्यावर गेलो. कट्ट्यावर भेळ घेतली. तो म्हणाला, फेझनं व्हेटोतच घोळ घातला. मी म्हणालो, व्हेटोला काही झालेलं नव्हतं, तुमचं ते पोरगं आज माणसासारखं खेळत नव्हतं. त्याला ते पटेना. मग त्यानं भेळेच्या कागदावर सातही मॅप लिहिले आणि कोणता उडवायला हवा होता ते मला समजावायला लागला. मी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि मिराजवर फुली मारली. तो 'छट्' म्हणाला. शालिनी पॅलेसच्या बाजूला दिवे लागले, पाण्यावरून गार वारा सुटला, आणि आमचं भांडण अजून इन्फर्नोपर्यंतही आलं नव्हतं.